यादवीत परकी फौज : लिबियाचा हिशेब

एखाद्या देशात यादवी पेटली आणि सत्ताधीश स्वतःच्याच जनतेवर रणगाडे घालू लागला, तर बाहेरच्या राष्ट्रांनी फौज पाठवावी काय? हा प्रश्न कामगार चळवळीपुढे पुन्हा पुन्हा येतो. एक बाजू म्हणते, साम्राज्यवाद्यांना तेथे जाण्याचा अधिकार काय? दुसरी विचारते, मग माणसे मरू द्यायची काय? दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात आणि विषय तेथेच संपतो. लिबियात २०११ साली हे दोन्ही युक्तिवाद कसाला लागले. म्हणून त्या उदाहरणाचा हिशेब मांडणे उपयोगी ठरेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कर्नल गडाफी यांची कड घेण्याचे कामगारवर्गाला काहीही कारण नाही. १९६९ साली सत्तेवर आलेल्या त्यांच्या राजवटीत स्वतंत्र कामगार संघटनांना थारा नव्हता. राजकीय पक्ष काढणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा ठरले होते. १९९६ मध्ये त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात सुमारे १,२०० कैदी मारले गेल्याचे मानवी हक्क संघटना सांगतात. त्या कैद्यांच्या कुटुंबांच्या वकिलाला फेब्रुवारी २०११ मध्ये अटक झाली आणि बेनगाझीतील लोक रस्त्यावर आले. साम्राज्यवादाविरुद्ध भाषणे ठोकणारा प्रत्येक हुकूमशहा आपला मित्र होत नाही.

१७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १९७३ मंजूर केला. दहा मते बाजूने पडली. भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया व चीन तटस्थ राहिले. नागरिकांच्या संरक्षणासाठी आवश्यक ते सर्व उपाय योजण्याची मुभा ठरावाने दिली, परंतु परकी सैन्याने भूमी ताब्यात घेण्यास मनाई केली. अंमलबजावणी कोण आणि कशी करणार याची स्पष्ट माहिती परिषदेपुढे नाही, असे भारताचे म्हणणे होते. या तटस्थतेला कोणी पळवाट म्हणेल. पण प्रश्न रास्त होता, हे पुढील सात महिन्यांनी दाखवून दिले.

ब्लॉक म्हणजे काय, हे रेल्वेतील बंधूंना सांगावयास नको. अमुक सेक्शन, अमुक काम, अमुक वेळ, एवढ्यापुरताच तो मिळतो. डाऊन लाइनचे स्लीपर बदलण्यासाठी दोन तासांचा ब्लॉक घेऊन कोणी अप लाइनचे रूळ उखडू लागला, तर त्याच्या हाती चार्जशीट पडेल. १९ मार्चला बाँबफेक सुरू झाली आणि बेनगाझीवर चालून आलेले रणगाडे थोपवले गेले. मिसरातावर गडाफींच्या तोफा त्यानंतरही डागल्या जात होत्या, म्हणजे काम संपले नव्हते, असे नाटोचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण एप्रिलमध्ये आफ्रिकी संघाचे शिष्टमंडळ शस्त्रसंधीची योजना घेऊन गेले, तेव्हा गडाफींनी होकार दिला आणि बंडखोरांनी नकार. ज्यांच्या डोक्यावर नाटोच्या विमानांचे छत्र होते, त्यांना तडजोडीची निकड उरली नव्हती. विमानांची २६,००० हून अधिक उड्डाणे झाली. २० ऑक्टोबरला गडाफी ठार झाले आणि ३१ ऑक्टोबरला नाटोने मोहीम संपल्याचे जाहीर केले. नागरिकांच्या संरक्षणाची मोहीम सत्तापालटाकडे घसरली, हा निष्कर्ष खुद्द ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने २०१६ मध्ये काढला.

याची किंमत कोणी मोजली? युद्धापूर्वी लिबियात सुमारे १८,००० भारतीय होते, बहुतेक बांधकाम, तेल व इस्पितळांत राबणारे. आपल्या सरकारने विमाने व जहाजे पाठवून १५,००० हून अधिक लोकांना परत आणले. काळ्या कातडीच्या आफ्रिकी मजुरांना मात्र गडाफींचे भाडोत्री सैनिक समजून मारझोड झाली. तवर्गा हे काळ्या लिबियन लोकांचे सारे गाव ऑगस्टमध्ये ओस पडले. सिर्त ते बेनगाझी असा साडेपाचशे किलोमीटरचा रेल्वेमार्ग रशियन रेल्वे बांधत होती. तेही काम बंद पडले.

२०१४ नंतर देशात दोन सत्ताकेंद्रे झाली. एकीकडे तुर्कस्तान, दुसरीकडे इजिप्त, संयुक्त अरब अमिराती व रशियाचे भाडोत्री सैनिक, अशी परकी हस्तक्षेपाची दुसरी फेरी सुरू झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये शस्त्रसंधी झाली, पण डिसेंबर २०२१ च्या ठरलेल्या निवडणुका झाल्याच नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये दर्ना शहरावरची दोन धरणे वादळात फुटली आणि हजारो माणसे वाहून गेली. त्या धरणांच्या दुरुस्तीचे काम २०१० मध्ये सुरू झाले होते आणि २०११ च्या धामधुमीत थांबले होते. नंतरच्या सत्ताधीशांनीही ते पुरे केले नाही, हा दोष त्यांचाच. पण देखभाल करणारी यंत्रणाच मोडून टाकली, की अपघात केव्हा तरी होणारच, हे आपल्या गँगमनइतके कोणाला कळणार?

आणखी एक परिणाम सीरियात दिसला. ऑक्टोबर २०११ मध्ये सीरियाच्या सरकारचा निषेध करणारा साधा ठरावही रशिया व चीनने नकाराधिकार वापरून पाडला. कारण म्हणून रशियाने लिबियाकडे बोट दाखवले. एका ब्लॉकचा गैरवापर झाला, की पुढचा खरोखर गरजेचा ब्लॉकही मिळत नाही.

मग हस्तक्षेप कधीच नको काय? असे म्हणणे सोपे आहे, पण १९९४ चे रवांडा त्याच्या आड येते. तेथे संयुक्त राष्ट्रांची फौज हजर असताना ती वाढविण्याऐवजी कमी करण्यात आली आणि शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे कापली गेली. आपलाही अनुभव दोन प्रकारचा आहे. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या दारी होते. आपले सैन्य पूर्व बंगालमध्ये गेले आणि मार्च १९७२ पर्यंत परतले. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली ती शांतता राखण्यासाठी, लढावे लागले तमिळ वाघांशी. अकराशेहून अधिक जवान गमावून १९९० मध्ये ती परत आली.

म्हणून आपल्या महासंघाने या विषयावर ठराव करताना नुसता निषेध नोंदवून थांबू नये. परकी फौजेला विरोध हे आपले मूळ धोरण असावे. त्याबरोबरच दोन्ही बाजूंचा शस्त्रपुरवठा बंद करा आणि शस्त्रसंधीचा प्रयत्न आधी करा, ही मागणी असावी. नरसंहार रोखण्यासाठी हस्तक्षेप अटळच ठरला, तर काम, मुदत आणि परतीची तारीख कागदावर हवी, आणि मुदतवाढ पुन्हा मतदान घेऊनच मिळावी. परदेशी मजुरांना, मग ते कोणत्याही देशाचे वा वर्णाचे असोत, सुरक्षित बाहेर काढणे हा कोणत्याही मोहिमेचा पहिला हप्ता असावा. भारतीय मजुरांसाठी जहाज आले, ही समाधानाची गोष्ट. शेजारच्या झोपडीतल्या नायजेरियन मजुरासाठी कोणाचे जहाज आले, हेही विचारणारी आपली संघटना हवी.