‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होऊ नका!

‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपण मोकळे होतो आणि घरातील वृद्धाचे निदान वर्षानुवर्षे लांबते. स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ भोग नव्हे. तो मेंदूच्या आजारांतून उद्भवतो. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव वा थायरॉईडचा विकार हे विस्मरणाचे कारण असेल, तर ते उपचारांनी सुधारूही शकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार, भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत.

‘आमची कुटुंबव्यवस्था समर्थ आहे’ या वाक्याला व्यासपीठावर टाळ्या पडतात. परंतु कुटुंब म्हणजे येथे नेमके कोण? बहुधा एकटी सून किंवा थकलेली पत्नी! ‘मला कोणी जेवायलाच वाढले नाही’ म्हणणाऱ्या सासऱ्यांशी वाद घालू नये, विषय पालटावा. सायंकाळी अस्वस्थता वाढते, तेव्हा घरात भरपूर उजेड ठेवावा. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असावी, हे तिला कोणी शिकवले? २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. समजूतदार सेवा कोणत्या कायद्याने मागावी?

सेवाभाव संस्कारांतून येतो, सेवेचे ज्ञान मात्र शिकावेच लागते. ज्ञानाविना श्रद्धाही अखेर चिडचिडीत संपते. ज्येष्ठ नागरिक संघांनी व महिला मंडळांनी असे शिक्षणवर्ग भरवावेत. आणि आपण? शेजारच्या त्या सुनेला आठवड्यातून एक दुपार तरी मोकळी करून द्यावी. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान मग खुशाल मिरवावा.