आधी ड्युटी-चार्ट, मग चटई

रुग्णालयातील परिचारिकेवरचा ताण समजून घ्यायचा तर आधी तिचा ड्युटी-चार्ट वाचावा लागतो. बहुतेक सरकारी रुग्णालयांत सकाळ आणि दुपारची पाळी सहा-सात तासांची असते आणि रात्रपाळी बारा तासांची. नाईट सलग लागतात, मग नाईट ऑफ येतो आणि त्यानंतर पुन्हा सकाळची पाळी. मध्येच कोणी रजेवर गेले की डबल ड्युटी ठरलेली. शरीराचे आतले घड्याळ एवढ्या घाईने फिरत नाही. झोप, भूक, मासिक पाळी आणि पोट या चारही गोष्टी बिघडतात; चिडचिड त्यांच्या पाठोपाठ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराची लय बिघडवणारे पाळीचे काम २००७ मध्ये ‘संभाव्य कर्ककारक’ गटात घातले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तोच निष्कर्ष कायम ठेवला. ताण हा परिचारिकेच्या स्वभावाचा दोष नाही, एवढे समजण्यास ही नोंद पुरेशी आहे. परिचारिकांना शिकवायला जाणाऱ्या योगशिक्षकाने ती पक्की लक्षात ठेवावी.

मोठ्या शहरातील रुग्णालयात काम निदान विभागांत वाटलेले असते. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात तशी वाटणी नसते. एका पाळीत तीच सिस्टर प्रसूतीकक्षात असते, सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिविषाचे सलाईन लावते आणि अपघाताच्या केसपेपरवर एमएलसीची, म्हणजे पोलीस प्रकरणाची, नोंदही करते. कपाशीच्या या पट्ट्यात कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण येतात. अशा रुग्णाला अ‍ॅट्रोपिन सुरू केले की खाटेजवळून हलता येत नाही. नाडी, बुबुळ, तोंडातली लाळ आणि छातीतली घरघर पुन्हा पुन्हा पाहावी लागते आणि त्यानुसार मात्रा कमी-जास्त होते. त्याच वेळी दारात पंधरा नातेवाईक उभे असतात, अहिराणीत एकच प्रश्न आळीपाळीने विचारत. रुग्ण जळगावला हलवायचा ठरला की १०८ रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ सर्वांत जड जातो. जळगावच्या जिल्हा रुग्णालयाला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. तेव्हापासून वरच्या उपचारांची सोय जवळ आली, पण पहिला तास अजूनही तालुक्याच्या सिस्टरच्याच वाट्याला येतो.

२२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याच्या अफवेने प्रवासी रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली डझनभर जीव गेले. जखमींना पाचोऱ्यातील रुग्णालयांत आणण्यात आले. अशा दिवसाची बातमी दोन दिवस चालते. ज्या हातांनी रक्त पुसले, मृतांच्या अंगावर चादर ओढली आणि नातेवाइकांना ओळख पटवायला उभे केले, ते हात मात्र दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून ताबा, घेतात. अशा घटनेनंतर परिचारिकांशी बोलण्याची पद्धत आपल्याकडे जवळपास नाही.

वारंवार साचणाऱ्या या ताणाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ म्हणून जागा दिली. आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिची लक्षणे तीन: अंगातले बळ संपणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. मन तुटण्याची गोष्ट जुनी आहे. इझाबेल मेन्झीस यांनी १९५० च्या दशकाअखेर लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयातील परिचर्येचा अभ्यास केला. कोणाही रुग्णात परिचारिकेचा जीव गुंतू नये म्हणून काम तुकड्या-तुकड्यांत वाटले जाते, रुग्ण नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने ओळखला जातो आणि त्यातून चिंता कमी न होता वाढतच जाते, असे त्यांना आढळले. ‘सात नंबरचं सलाईन संपलंय’ हे वाक्य खानदेशातल्या कुठल्याही वॉर्डात आजही ऐकू येते.

योगाभ्यास या सगळ्यात कुठे बसतो? तो पाळी बदलत नाही, रिक्त पदे भरत नाही आणि दारू पिऊन आलेल्या नातेवाइकाला आवरत नाही. महाराष्ट्रात आरोग्यसेवकांवरील हिंसेविरुद्ध २०१० चा कायदा आहे. मारहाणीचे उत्तर त्या कायद्यात आहे, भ्रामरीत नाही. योगाने साधते ते एवढेच, पण ते थोडके नाही. ताणाच्या प्रसंगी वाढलेली नाडी, आवळलेले खांदे आणि उथळ झालेला श्वास प्रसंग सरला तरी तसेच राहतात. योगाभ्यासाने ते लवकर मूळपदावर येतात. श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आणली की हृदयगती आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारते. इटलीतील लुचानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि योगमंत्र या दोन्हींच्या पठणात हे मोजून दाखवले. दोन्हींत श्वास आपोआप त्याच गतीवर येत होता. उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवण्याची परंपरेतली सूचना शरीरशास्त्रालाही पटणारी आहे.

परिचारिकांवरच्या प्रयोगांचा पुरावा आश्वासक आहे, भक्कम नाही. अमेरिकेत जीना अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी ४० परिचारिकांचे दोन गट करून एका गटाला आठ आठवडे योग शिकवला. त्या गटात भावनिक थकवा आणि रुग्णांविषयीचा कोरडेपणा कमी झाला. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चीनमधील एका अभ्यासात १२० परिचारिका होत्या. त्यांतल्या योगगटाने सहा महिने, आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा, ड्युटीनंतर ५० ते ६० मिनिटे अभ्यास केला; त्यांची झोप सुधारली आणि कामाचा ताण घटला. मात्र त्याच वर्षी कोक्रेन संस्थेने आरोग्यसेवकांच्या ताणावरील ५८ अभ्यास एकत्र तपासले आणि शिथिलीकरणाचा उपयोग होतो असे म्हणतानाच पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे नोंदवले. कामाच्या वेळापत्रकात बदल केल्यानेही ताण कमी होऊ शकतो, हेही त्याच परीक्षणात आहे. योगवर्गाची जाहिरात करताना हे दुसरे वाक्य बहुधा गळते.

मोजून मगच बोलण्याची शिस्त खानदेशाला परकी नाही. कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, १९१६ ते १९२३ या काळात जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते. त्याच वर्षांत, १९२०-२१ मध्ये, त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली यांचा शरीरावर काय परिणाम होतो याचे प्रयोग केले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू झाले. योग आणि रुग्णालय यांची पहिली गाठ घालणाऱ्यांपैकी एक माणूस अमळनेरच्या वर्गात फळ्यासमोर उभा होता, हे जिल्ह्यातल्या योगशिक्षकांनाही फारसे ठाऊक नसते.

प्रत्यक्ष अभ्यासक्रम आखताना पहिली चूक वेळेत होते. पहाटे साडेपाचचा वर्ग सकाळपाळीच्या सिस्टरला जमत नाही. त्या वेळी ती डबे भरत असते. संध्याकाळचा वर्ग म्हणजे घरच्या कामावर आणखी एक काम. उपयोगी पडते ती दुपारची ओव्हरची वेळ, जेव्हा जाणारी आणि येणारी अशा दोन्ही पाळ्या रुग्णालयात असतात. इमर्जन्सी ट्रे मोजून झाला, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा पाहून झाला, वहीवर दोघींच्या सह्या झाल्या की जाणाऱ्या पाळीला वीस मिनिटे मिळू शकतात. ती ड्युटीच्या वेळेत धरली गेली पाहिजेत, यावर शिक्षकाने वैद्यकीय अधीक्षकांकडे अडून बसावे. जेवण झाले असेल तर ताडासन, कटिचक्रासन आणि बैठकीतला श्वास एवढेच घ्यावे. पाळीला एकच सिस्टर असलेल्या ठिकाणी गटवर्गाचा हट्ट धरू नये. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कार्यालयांसाठी प्रसृत केलेला पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ तिथे अधिक चालतो. खुर्चीत बसून घोटे आणि खांदे फिरवणे, मग चार मोजेपर्यंत श्वास आणि सहा मोजेपर्यंत उच्छ्वास, असे पाच-सहा मिनिटे केले तरी पुष्कळ.

जागेचे पथ्य कडक हवे. वॉर्डच्या फरशीवर चटई अंथरायची नाही. हात धुतल्याशिवाय नाकाला बोट लावायचे नाही. त्यामुळे ड्युटीवर अनुलोम-विलोमापेक्षा दोन्ही नाकपुड्यांनी सावकाश श्वास बरा. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि शिक्षकाला शीतली-सीत्कारी आठवतात. पण त्या दोन्हींत हवा तोंडाने आत ओढली जाते. रुग्णालयाच्या आवारात त्या वर्ज्यच समजाव्यात. घरी खुशाल कराव्यात.

रात्रपाळीचा विचार वेगळा करावा लागतो आणि इथेच हुशार शिक्षकही फसतात. पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि डोळे मिटू लागतात. त्याच सुमारास पहाटेचे डोस भरायचे असतात. अशा वेळी भ्रामरी, दीर्घ उच्छ्वास किंवा शवासन दिले तर झोप येईल आणि औषधाच्या मात्रेत चूक होईल. तेव्हा उभ्याने ताडासन, हात वर ताणणे, त्रिकोणासन आणि दोन फेऱ्या चालणे, एवढेच द्यावे. शांत करणारा अभ्यास घरी पोचल्यावर. दुचाकीवरून घर गाठायचे असेल तर निघण्यापूर्वी शिथिलीकरण मुळीच नको. घरी खोलीत अंधार करून पाय भिंतीला टेकवून आठ-दहा मिनिटे पडावे. रात्रभर उभे राहून सुजलेल्या पोटऱ्यांनाही त्याने आराम पडतो. मग मकरासन, नंतर योगनिद्रा. कपालभाती, भस्त्रिका आणि जलद सूर्यनमस्कार या वेळी टाळावेत, नाहीतर आलेली झोप उडते.

रुग्ण उचलून कंबर धरलेल्या परिचारिकांना मार्जारासन आणि सौम्य भुजंगासन मानवते. पायात कळ जात असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ. गरोदरपणात कपालभाती, कुंभक आणि पोटावर झोपून करायची आसने नकोत. उच्च रक्तदाबात कुंभक आणि उलटी आसने नकोत. परिचारिका स्वतः शरीरशास्त्र शिकलेली असते. तिला कारण सांगितले की पथ्य पाळले जाते, नुसते ‘असे करू नका’ म्हटले तर नाही.

मनाच्या बाजूने पतंजलींनी सांगितलेल्या चार भावनांचा इथे फार उपयोग आहे: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. त्यांतली उपेक्षा परिचारिकेला सर्वांत कठीण आणि सर्वांत गरजेची. शिवीगाळ करणाऱ्या नातेवाइकाचे शब्द मनात न घेता त्याच्या रुग्णाचे सलाईन वेळेवर बदलणे ही उपेक्षा झाली. रुग्ण कण्हत असताना मोबाईलवरून मान वर न करणे हे बर्नआउट झाले. बाहेरून दोन्ही शांतच दिसतात. शिक्षकाने हा फरक वॉर्डातल्या उदाहरणांनी समजावावा. ‘सकारात्मक विचार करा’ छापाचे प्रवचन मात्र टाळावे. सलग तिसरी डबल ड्युटी करणाऱ्या बाईला ते टोचते, आणि टोचणे रास्तच आहे.

प्रशासनाला योगवर्ग आवडतो, कारण तो स्वस्त असतो. २१ जूनला फोटो निघतो आणि नाईट करून आलेली सिस्टर तेवढ्यासाठी थांबवून घेतली जाते. योगशिक्षकाने अशा कार्यक्रमाला नकार द्यायला शिकले पाहिजे. रिक्त पदांच्या तक्रारीवर ‘आम्ही योग सुरू केला आहे’ असे उत्तर जिथे दिले जाते, तिथे योगाचीच पत जाते.

जळगाव-धुळ्यातील जे शिक्षक रुग्णालयांत वर्ग घेतात किंवा घेऊ इच्छितात, त्यांनी किमान तीन महिन्यांची नोंद ठेवावी: हजेरी, पाळी, झोपेचे तास आणि सुरुवातीला व शेवटी ताणमापनाची दहा प्रश्नांची प्रचलित प्रश्नावली. परिचारिकांची आणि रुग्णालयांची नावे वगळून त्या नोंदी या मासिकाकडे पाठवाव्यात. ज्या गटांत काहीच फरक पडला नाही, त्यांच्या नोंदीही छापल्या जातील.