तालमीचा गारवा, मैदानाचे ऊन

चैत्र तोंडावर आला. आता सातारा-सांगलीत गावोगावी यात्रांची मैदाने भरतील आणि उन्हातच जोड्या पुकारल्या जातील. हिवाळ्यात पहाटे तालमीत जेवढे अंग तापवून घेतो तेवढेच एप्रिलच्या मैदानावरही घेण्याची सवय वस्ताद, प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांनी त्याआधी मोडावी.

स्नायू जरा गार असला तरी त्याचे बळ फारसे घटत नाही. वेग मात्र घटतो. स्नायूचे तापमान १ अंशाने वाढले की झटक्याची ताकद साधारण २ ते ५ टक्क्यांनी वाढते, आणि पट काढायला तीच लागते. म्हणून डिसेंबरात जोर-बैठका हव्यातच. मात्र तापलेला मल्ल १५-२० मिनिटे नुसता बसून राहिला तर ती ऊब ओसरते.

एप्रिलमध्ये स्नायू लवकर तापतो आणि धोका शरीराच्या आतल्या तापमानाचा असतो. ते ४० अंशांकडे सरकले की मेंदूकडून स्नायूंना मिळणारी चालनाच मंदावते. मल्ल ढिला पडला म्हणून आपण ओरडतो, तेव्हा त्याला सावली आणि पाणी हवे असते. घाम गाळून वजन उतरवलेल्याला हा धोका अधिक. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल असे वजन उतरवताना दगावले. मग तिथले नियम बदलले.

थकव्याचे खापर आपण अजून लॅक्टिक आम्लावर फोडतो. त्याचा मोठा परिणाम दिसला तो गार ठेवलेल्या स्नायूतंतूंवरच्या प्रयोगांत. शरीराच्या तापमानाला तो बराच कमी भरतो. पेशीत साचणारे फॉस्फेट आणि कमी सुटणारे कॅल्शियम ही कारणे जास्त बळकट आहेत. फॉस्फोक्रिएटिनचा साठा ३ ते ५ मिनिटांत बव्हंशी भरतो, बाकीच्या थकव्याला वेळ द्यावाच लागतो.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हा वेळ मिळाला नाही. शोहाची इशीशी दीर्घ झुंज संपताच त्यांना रशीद मम्मदबेयोव्हपुढे उभे केले गेले. अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम पुढे करायला भारतीय अधिकारी तिथे नव्हता, असे सांगतात. खाशाबा कांस्यपदकावर थांबले.

यात्रा कमिट्यांच्या बैठका आता सुरू होतील. मोठ्या कुस्त्या ऊन उतरल्यावर, जोड्यांचा क्रम आधी जाहीर, आखाड्यालगत सावली-पाणी आणि दुसऱ्या कुस्तीआधी अर्धा तास विश्रांती, एवढे मागून घ्या. वस्तादाचा शब्द गावात सहसा खाली पडत नाही.