रक्त चाहत्यांचे, मुखत्यारी नटाची

१२ जुलै २०२१ रोजी चेन्नईत एक निवेदन निघाले आणि तमिळनाडूच्या जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा असलेली एक संघटना संपली. रजनी मक्कल मंद्रम हे तिचे नाव. तिच्या विसर्जनासाठी सभासदांची सर्वसाधारण सभा भरली नाही, ठराव मांडला गेला नाही, मते मोजली गेली नाहीत. रजनीकांत यांनी जिल्ह्यांच्या पदाधिकाऱ्यांना भेटीस बोलावले, राजकारणात येण्याचा विचार आपण कायमचा सोडल्याचे सांगितले आणि यापुढे पूर्वीप्रमाणे केवळ रसिकांचे सेवाभावी मंडळ राहील असे जाहीर केले. ३१ डिसेंबर २०१७ रोजी राजकारणप्रवेशाची घोषणा झाली तीही अशीच; २९ डिसेंबर २०२० रोजी प्रकृतीच्या कारणास्तव माघार झाली तीही अशीच. सत्तरी गाठलेल्या माणसाच्या विश्रांतीबद्दल कोणी कुरकुर करू नये. परंतु एक माणूस थकला म्हणून हजारो धडधाकट माणसांच्या संघटनेने प्राण का सोडावा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो तमिळनाडूत फारसा विचारला गेला नाही, हेच या प्रकरणातील खरे दुखणे आहे.

या संघटनांत असतात तरी कोण? दक्षिणेत नटांच्या चाहत्यांविषयी कुत्सितपणे बोलण्याची सुशिक्षितांत रीत आहे. फलकाला दुधाचा अभिषेक करणारे वेडे, एवढीच त्यांची ओळख वृत्तपत्रांनी करून दिली. सारा डिकी या संशोधिकेने मदुराईच्या गरीब वस्त्यांतील चित्रपटप्रेक्षकांचा अभ्यास करून १९९३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून दिसणारे चित्र निराळे आहे. मंडळांतील बहुतेक तरुण कष्टकरी वर्गातील आहेत आणि आपली ओळख ते समाजसेवक म्हणून सांगतात. नटाच्या वाढदिवशी रक्तदान, शाळकरी मुलांना वह्या, गरिबांना जेवण, साड्यांचे वाटप ही त्यांची नेहमीची कामे. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली गेली तेव्हा मदतीला धावलेल्यांत अशी मंडळेही होती. ज्याची स्वतःचीच चूल जेमतेम पेटते, तो माणूस खिशातले पैसे काढून दुसऱ्याच्या पानात वाढतो. त्याला वेडा म्हणणाऱ्यांनी आपण वर्षातून किती वेळा रक्त दिले, ते आधी सांगावे.

तेव्हा या माणसाच्या सेवेबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याच्या हक्काबद्दल. रक्त त्याचे, श्रम त्याचे, पदरमोड त्याची. पण मंडळाचा जिल्हा सचिव कोण असावा, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्याचा नाही. तो अधिकार चेन्नईतल्या नटाच्या कचेरीचा. तेथून नेमणुकीचे पत्र निघते आणि तेथूनच हकालपट्टीचे. त्या पदासाठी एखाद्याला उभे राहावेसे वाटले तर उभे राहायचे कोणासमोर? मतदारयाद्या नाहीत, मतपेटी नाही, मुदत नाही. उभे राहायचे ते केवळ बंगल्याच्या फाटकासमोर. अशा ठिकाणी उमेदवारीचे रूपांतर अर्जदारीत होते आणि अर्जदाराला काम करून दाखविण्यापेक्षा दिसत राहण्याची अधिक गरज भासते. मग सेवेचा पैसा वह्यांकडून फलकांकडे वळला, तर दोष एकट्या अर्जदाराला कसा द्यावा?

तमिळमध्ये 'रसिगर' म्हणजे रसिक आणि 'मंद्रम' म्हणजे सभा. प्राचीन तमिळ वाङ्मयात गावकऱ्यांनी झाडाखाली एकत्र बसण्याच्या जागेला हाच शब्द आहे. शब्द राहिला, सभा गेली. ती कशी गेली याचा इतिहास एम. जी. रामचंद्रन यांच्यापासून पाहावा लागतो. १९७२ च्या ऑक्टोबरात द्रविड मुन्नेत्र कळघमचे कोषाध्यक्ष असलेल्या या नटाने पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी हिशेब द्यावा अशी जाहीर मागणी केली. पक्षाने त्यांना काढून टाकले; १७ ऑक्टोबरला त्यांनी नवा पक्ष काढला आणि चाहत्यांची मंडळे पाहता पाहता त्या पक्षाच्या शाखा बनली. १९७७ साली ते मुख्यमंत्री झाले आणि १९८७ साली निधन होईपर्यंत, १९८० मधील काही महिने वगळता, त्या पदावर राहिले. ज्यांच्या खांद्यांवरून ही मिरवणूक निघाली, त्या गरिबांच्या पदरी त्या राजवटीत काय पडले, याची कठोर झाडाझडती एम. एस. एस. पांडियन यांनी १९९२ साली आपल्या ग्रंथात घेतली आहे.

हिशेब मागण्याच्या हक्कातून जन्मलेल्या या पक्षाच्या घटनेत सरचिटणीस सर्व प्राथमिक सभासदांनी निवडावा असा नियम होता. नियम उत्तम होता. पण जयललितांच्या काळात त्यांच्यासमोर उभे राहण्याचे धाडस कोण करणार होते? त्या दरवेळी बिनविरोध निवडून येत. पुढे २०२२ साली नियम बदलला: उमेदवाराला दहा जिल्हा सचिवांचे सूचक आणि आणखी दहांचे अनुमोदक म्हणून पाठबळ हवे. २८ मार्च २०२३ रोजी एडप्पाडी पळनिस्वामी सरचिटणीस म्हणून बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. भक्तीच्या पायावर उभारलेल्या घरात निवडणुकीचा दरवाजा ठेवला तरी त्याची कडी आतून लागलेली असते, याहून वेगळा अर्थ यातून कसा काढावा?

या व्यवस्थेचे समर्थक तीन युक्तिवाद करतात. तिन्हींचा समाचार घेणे भाग आहे.

पहिला असा की, नाव नटाचे, लौकिक नटाचा, म्हणून संघटनाही त्याचीच. नावावर त्याचा हक्क आहे, हे मान्य. परंतु नाव काही रक्त देत नाही. हा युक्तिवाद किती हास्यास्पद टोकाला जातो ते विजय यांच्या प्रकरणात दिसले. २००९ मध्ये सुरू झालेल्या विजय मक्कल इयक्कम या चाहत्यांच्या संघटनेच्या नावाने २०२० च्या नोव्हेंबरात नटाच्या वडिलांनीच पक्षनोंदणीसाठी अर्ज केला. मुलाने हात झटकले, चाहत्यांनी त्यात जाऊ नये असे सांगितले आणि २०२१ मध्ये आईवडिलांसह अनेकांना आपले नाव वापरण्यापासून रोखावे म्हणून तो न्यायालयात गेला. संघटना बापाची की मुलाची, असा हा दावा! ती सभासदांची असू शकते, हे कोणाच्या मनातही आले नाही. एकत्र कुटुंबातल्या जमिनीप्रमाणे तिची वाटणी चालली होती आणि सभासद त्या जमिनीवरची कुळे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नऊ जिल्ह्यांतील ग्रामीण स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत या संघटनेचे शंभरावर कार्यकर्ते अपक्ष म्हणून निवडून आले. म्हणजे गावाने ज्यांना मते देऊन विश्वासाने निवडले, त्यांना स्वतःच्या संघटनेत मात्र मत नव्हते. २ फेब्रुवारी २०२४ रोजी विजय यांनी पक्षाची घोषणा केली तेव्हा ही सारी शिदोरी त्या पक्षाच्या पदरात पडली.

दुसरा युक्तिवाद अधिक गोड आहे: सेवेला पद कशाला? निष्काम सेवकाने निवडणुकीच्या भानगडीत पडू नये. रजनीकांत यांनी २०१८ च्या ऑक्टोबरात, केवळ तीस-चाळीस वर्षे रसिक मंडळात काढली एवढ्याने पदाची पात्रता येत नाही, अशा आशयाची समज चाहत्यांना दिली होती. तत्त्व म्हणून हे खरेच आहे. ज्येष्ठता म्हणजे पात्रता नव्हे. पण मग पात्रता ठरवायची कोणी? ३ डिसेंबर २०२० रोजी पक्षस्थापनेचा मनोदय जाहीर करताना त्यांनी मुख्य समन्वयक म्हणून पुढे आणले ते अर्जुनमूर्ती तोवर भारतीय जनता पक्षाच्या राज्य शाखेत बुद्धिजीवी विभाग सांभाळत होते. दशकानुदशके सेवा करणाऱ्यांना निष्कामतेचा उपदेश आणि दाराबाहेरून आलेल्याला मानाचे पान! पदाची इच्छा हे पाप नाही. आपण काय करू, पैसा कसा खर्च करू, हिशेब केव्हा देऊ, हे दहा माणसांसमोर सांगून जो मत मागतो, तो आपली मान सभासदांच्या हाती देतो. पदाचा खरा लोभी तो, जो मत न मागता पद मिळवितो. निष्कामता ही स्वतःवर घालून घेण्याची अट आहे. मालकाने नोकरावर ती लादली की तिला वेठ म्हणतात.

तिसरा युक्तिवाद भीतीचा: निवडणूक आली की गटबाजी येते, सेवा मागे पडते. गटबाजी नेमणुकीतही असते. फरक इतकाच की तेथे ती कुजबुजीत चालते आणि तिचा निकाल कधीच लागत नाही. चाहत्यांच्या संघटना निवडणुकीने मोडतात काय, याचे उत्तर अनुभवात आहे. चाहत्यांच्या लेखनाचा प्रचंड संग्रह स्वयंसेवकांच्या बळावर चालविणारी, २००७ साली अमेरिकेत स्थापन झालेली ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही सेवाभावी संस्था पाहा. वर्गणी देणारे सभासद तिचे संचालक मतदानाने निवडतात. उमेदवार आपली भूमिका लिहून मांडतात आणि सभासदांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे देतात. २०१५ च्या निवडणुकीत सभासदांनी दोन नव्या उमेदवारांना निवडले. त्यानंतर उठलेल्या वादळात जुने सारे संचालक राजीनामे देऊन बाजूला झाले. कटुता आली, नाही असे नाही. पण संस्था बुडाली नाही. चारच वर्षांनी, २०१९ मध्ये, तिच्या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. लंडनच्या विंबल्डन फुटबॉल क्लबचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २००२ साली मालकांना क्लब मिल्टन कीन्सला हलविण्याची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला. तो डॉन्स ट्रस्ट या चाहत्यांच्या संस्थेच्या मालकीचा आहे आणि पैसा कितीही दिला तरी सभासदाला मत एकच, असा तिचा नियम आहे. २०११ मध्ये या क्लबने देशाच्या फुटबॉल लीगमध्ये स्थान मिळविले आणि २०२० च्या महामारीत त्याच चाहत्यांनी गरजूंना घरपोच अन्न देण्याची चळवळ उभारली. मतपेटीने तेथे सेवा आटली नाही. उलट मालकीच्या जाणिवेने तिला बळ आले.

मराठी वाचकाने हे सारे दक्षिणेचे खूळ म्हणून सोडून देऊ नये. बंगळूरच्या मराठी घरात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाडांचा अभिमान मिरविताना, त्यांच्या नावाने राबणाऱ्यांच्या हक्कांचे काय, हे विचारण्याची जबाबदारीही येते. आणि येथे तरी काय वेगळे आहे? रक्तदान शिबिराच्या फलकावर रक्तदात्याचे नाव शोधून सापडत नाही. 'साहेबां'चा चेहरा मात्र फलकभर असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणातील भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. त्यात एवढीच भर घालावी की, राजकारणातील भक्तीचे बाळकडू सेवेच्या मंडळांतच पाजले जाते. ज्या तरुणाने विसाव्या वर्षापासून नेमणूकपत्राची वाट पाहिली, तो चाळिसाव्या वर्षी नागरिक म्हणून ताठ कसा उभा राहील?

उपाय अवघड नाहीत, कोणत्याही नोंदलेल्या पतपेढीला ते ठाऊक आहेत. सभासदांची यादी असावी, पदाला मुदत असावी, गुप्त मतदान व्हावे आणि वर्षाचा हिशेब सभेत वाचून दाखविला जावा. तमिळनाडूचा १९७५ चा संस्था नोंदणी कायदाही समिती, वार्षिक सभा आणि हिशेबतपासणी मागतो. नटाने सन्मान्य सल्लागार म्हणून खुशाल राहावे. फार तर आपले नाव काढून घेण्याचा अधिकार राखावा, संघटना मोडण्याचा नव्हे. आणि ज्या कार्यकर्त्याला जिल्हा सचिव व्हावेसे वाटते, त्याने बंगल्याकडे अर्ज पाठविण्याऐवजी आपल्या शाखेतील सभासदांची बैठक बोलवावी, गेल्या वर्षीच्या जमाखर्चाचा कागद त्यांच्यापुढे ठेवावा आणि त्यांच्याकडे मत मागावे. चेन्नईहून मान्यता येणार नाही कदाचित. न येवो. ज्यांनी रक्त दिले, त्यांची मान्यता त्याला पुरे आहे.