जैतापूरची अणुभट्टी आणि आपले बेट

अणुशक्तीकडे पाठ फिरविलेले जग पुन्हा तिच्याकडे वळू लागले आहे. २०२३ च्या डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत जगातील अणुवीज तिप्पट करण्याचा संकल्प केला. भारताने त्या पत्रकावर सही केली नाही. मात्र २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुवीज उभारण्याचे उद्दिष्ट स्वतःच जाहीर केले. शाश्वत विकास हवा असेल तर अणुशक्ती हवीच, असे आता पुष्कळ विद्वान म्हणतात. या म्हणण्याचा विचार आपण मॉरिशसवासी मराठी मंडळींनी दोन नात्यांनी करावयास हवा. एक, बेटावर राहणारे म्हणून. दुसरे, ज्यांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावरून आले ते म्हणून.

बेटवासी म्हणून पाहता अणुशक्तीची बाजू बळकट आहे. कोळशापासून एक युनिट वीज करताना, खाणीपासूनचा सारा हिशेब धरून, सुमारे ८२० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. अणुविजेचा तोच आकडा सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे पवनचक्कीइतकाच, असे हवामानविषयक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०१४ साली नोंदविले. कोळसा कोठेही जळो, फुगणारा समुद्र आपल्या दाराशी येतो. आणि आपण स्वतः तरी काय करतो? हंगामात उसाचे चिपाड जाळतो हे खरे, पण आपल्याकडील दर पाच युनिटांपैकी सुमारे चार अजूनही बाहेरून आणलेल्या कोळशावर आणि जड तेलावर होतात.

मग अणुभट्टी येथेच का नको? उत्तर साधे आहे. आपल्या साऱ्या बेटाची ऐन गर्दीच्या वेळची मागणी पाचशे मेगावॅटच्या आसपास. फ्रान्स विकू पाहते ती एक भट्टी १६५० मेगावॅटची. एवढे एकच यंत्र अडले तर पोर्ट लुईपासून सुयाकपर्यंत अंधार. लहान भट्ट्यांची चर्चा खूप होते, पण प्रत्यक्ष चालणाऱ्या, रशियाच्या पेवेक बंदरातील तरंगत्या केंद्रासारख्या, बोटांवर मोजण्याइतक्याच. ज्या फ्रान्सची दोन तृतीयांश वीज अणूपासून येते, त्याच फ्रान्सने शेजारच्या रेयुनियाँ बेटावर एकही भट्टी उभारलेली नाही. तेथे कोळसा सोडला तो परदेशातून बोटीने आणलेल्या लाकडाच्या गोळ्यांसाठी!

आता कोकणाकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूरच्या खाडीच्या मुखाशी जैतापूर हे जुने बंदर आहे. त्याच्या जवळ माडबन गावच्या सड्यावर अशाच सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट, उभ्या करावयाच्या आहेत. २०१० च्या डिसेंबरात, फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले असता, प्राथमिक करार झाला. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या परिसरातील ९३० हून अधिक हेक्टर जमीन घेण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला. २०११ च्या मार्चमध्ये जपानात फुकुशिमाचा अपघात झाला, आणि पुढच्याच महिन्यात साखरी नाटे येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक मच्छीमार ठार झाला.

त्सुनामीचे भय आम्हांस मुख्य वाटत नाही. सडा समुद्रापासून बराच उंच आहे. महत्त्वाचा प्रश्न निराळा. भट्टी थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी अखंड आत घ्यावे लागते आणि ते ऊन होऊन परत समुद्रात जाते. साखरी नाटे हे गाव त्याच पाण्यावर जगते. जमीनवाल्यास मोबदला मिळतो, २०१३ साली तो वाढविलाही गेला; पण समुद्र कोणाच्याच नावावर नसतो. पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्याने कोणता कागद दाखवावा? उसाच्या मळ्यात राबलेल्या आमच्या पणज्यांजवळही असा कागद नव्हता, म्हणून हे आम्हांस लवकर कळते.

महाराष्ट्रात अणुवीज नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या उत्तरेस तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि त्याच्या पहिल्या दोन भट्ट्यांनी पन्नास वर्षे वीज दिली. तेथे फुकुशिमा झाले नाही. परंतु पुढे तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलवावी लागली, आणि त्या लोकांची पुनर्वसनाची तक्रार वर्षानुवर्षे चालत राहिली. माडबनच्या लोकांनी तारापूरकडे पाहिले ते भट्टीकडे नव्हे, या गावांकडे.

आमचे मत असे की चालू असलेली सुरक्षित केंद्रे घाईने बंद करू नयेत. जर्मनीने २०२३ च्या एप्रिलमध्ये शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या तेव्हा कोळसा अजून जळतच होता. पण जैतापूरसाठी योजिलेल्या जातीच्या भट्टीचा अनुभव पाहा. फ्रान्समध्येच फ्लामांविल येथे २००७ साली बांधकाम सुरू झाले. पाच वर्षांत व ३.३ अब्ज युरोत काम उरकेल असा अंदाज होता. वीज वाहू लागली २०२४ च्या डिसेंबरात, आणि खर्च १३ अब्जांच्या वर गेला. तापणाऱ्या जगाला एवढा वेळ थांबता येत नाही. तेवढ्या पैशात सूर्याची आणि वाऱ्याची वीज किती आधी मिळाली असती, हा हिशेब करारावर सही करण्यापूर्वी मांडावयास हवा होता. अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, यावरूनच २०१० च्या कायद्यानंतर वाटाघाटी किती वर्षे रेंगाळल्या!

२०१८ साली अध्यक्ष माक्राँ यांच्या भेटीत पुन्हा एक करार झाला. २०२१ साली फ्रेंच कंपनीने आपला प्रस्ताव भारतापुढे ठेवला. माडबनच्या सड्यावर कुंपण पडून बरीच वर्षे झाली. एकाही भट्टीचा पाया अद्याप घातला गेलेला नाही, आणि साखरी नाट्याच्या होड्या त्याच पाण्यात जात आहेत.