शकुंतला, सेलिया आणि बुरशी

प्रत्येकाचा एक तरी खर्च असा असतो, ज्याचा खरा आकडा घरी सांगितला जात नाही. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण चपलांची किंमत निम्मी करून सांगते. टीममधला एक पोरगा सगळा बोनस बाइकवर उडवतो आणि घरी ‘सर्व्हिसिंग’ म्हणतो. माझं पाप जरा आडवळणाचं आहे. मी जुन्या ब्रिटिश सिनेमांच्या डिस्क जमवते. त्याही साध्यासुध्या नाहीत, रिस्टोअर केलेल्या. यवतमाळच्या घरी बाबांना मी कित्येक वर्षं सांगत आले, “सेलमध्ये मिळाली हो, दोनशेला.” तेव्हा पौंड ऐंशीच्या घरात होता. हिशेब तुम्हीच करा!

सुरुवात मात्र स्वस्तात झाली. 2007 च्या आसपास मोसर बेअरने 34 रुपयांत डीव्हीडी विकायला काढल्या. पुण्यात नव्यानं नोकरीला लागलेल्या माझ्यासारखीला तर लॉटरीच लागली. शनिवारी भाजीच्या पिशवीत दोन-तीन सिनेमे यायचे. अशाच एका शनिवारी फुटपाथवरच्या ढिगात ‘ब्रीफ एन्काउंटर’ सापडला. दिग्दर्शक डेव्हिड लीन, साल 1945. कव्हरवर रेल्वे स्टेशन दिसलं म्हणून घेतला. का, ते पुढे सांगते. कॉपी भयंकर होती. काळ्या-पांढऱ्याऐवजी सगळं करडं. आवाज तर माठात तोंड घालून बोलावं तसा. तरी सेलिया जॉन्सनचे ते मोठ्ठे डोळे त्या करड्यातूनही दिसले आणि मी अडकले.

पुढे कळलं की 2008 मध्ये, लीनच्या जन्मशताब्दीला, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्याचे सुरुवातीचे 10 सिनेमे रिस्टोअर केलेत. झालं! लंडनच्या ऑनलाइन दुकानात क्रेडिट कार्ड घासलं आणि व्यसन लागलं.

आता हे ‘रिस्टोअर’ प्रकरण नेमकं काय, ते सांगते. डिस्कच्या कव्हरवर ‘डिजिटली रिमास्टर्ड’ असा चकचकीत स्टिकर असला, की आपण खूश होतो. पण त्याचा अर्थ बरेचदा एवढाच, की हाताशी होती ती प्रिंट कॉम्प्युटरमधून काढली, थोडी उजळली, संपलं. खऱ्या रिस्टोरेशनमध्ये आधी शोधाशोध असते. मूळ कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह कुठे आहे? ती खराब असेल तर तिच्यापासून काढलेली पहिली प्रत कुठे आहे? मग एकेक चौकट स्कॅन करायची, ओरखडे भरायचे, थरथर थांबवायची, रंग मूळ प्रिंटशी ताडून बघायचे. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे वेळेवर थांबायचं. फिल्मचा तो बारीक रवा असतो ना, तो ‘घाण’ समजून पुसला की माणसांचे चेहरे मेणाचे दिसायला लागतात. माझ्याकडे अशा दोन डिस्क आहेत. पाहुण्यांना दाखवत नाही. आणि हो, 2004 मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगीत करून पडद्यावर आणला, तेव्हा मीही रांगेत होते, टाळ्याही वाजवल्या. पण ते रिस्टोरेशन नव्हे. ते पणजीच्या फोटोला लिपस्टिक लावणं झालं.

या सगळ्या कारभाराचा राजा म्हणजे ‘द रेड शूज’, 1948 चा. टेक्निकलर कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन निगेटिव्ह धावायच्या, लाल, हिरव्या आणि निळ्या नोंदीसाठी एकेक. सिनेमा सव्वादोन तासांचा. सेकंदाला 24 चौकटी, गुणिले तीन... म्हणजे साधारण पावणेसहा लाख चौकटी. त्या निगेटिव्ह आक्रसल्या होत्या आणि त्यांच्यावर बुरशी चढली होती. मार्टिन स्कॉर्सेसीच्या पुढाकाराने त्या एकेक करून साफ झाल्या आणि 2009 मध्ये कान महोत्सवात सिनेमा पुन्हा लागला. डिस्कवर आधीचं आणि नंतरचं दृश्य शेजारी शेजारी दाखवतात, तो भाग मी सिनेमापेक्षा जास्त वेळा पाहिलाय. ही बुरशी लक्षात ठेवा.

संग्राहकांच्या अडचणी म्हणाल तर ढीगभर. ब्रिटनची डीव्हीडी रीजन 2, आपली 5. ब्लू-रेचं त्यांचं अक्षर बी, आपलं सी. म्हणजे डिस्क येते, प्लेअर तोंड वाकडं करतो. तेव्हाचे स्वस्तातले चायनीज प्लेअर बरे, रिमोटवर काही आकडे मंत्रासारखे दाबले की कुठलीही डिस्क गपगुमान गिळायचे. शिवाय त्यांच्या-आपल्या टीव्हीची पद्धत सेकंदाला 25 चौकटींची, त्यामुळे डीव्हीडीवर सिनेमा जरा घाईत पळतो. 86 मिनिटांचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ साडेतीन मिनिटं आधी संपतो, आणि त्यातला रॅखमॅनिनॉफचा पियानो किंचित चढ्या पट्टीत वाजतो. हे मी एकदा ऑफिसच्या लंचला उत्साहानं सांगितलं. त्या टेबलावर मला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

2009 च्या दिवाळीत ती रिस्टोअर केलेली डिस्क घेऊन मी यवतमाळला गेले. बाबा तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. आयुष्यभर रेल्वेत, आणि त्यातली बरीच वर्षं शकुंतलेवर गार्ड.

शकुंतला ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी. यवतमाळ ते मूर्तिजापूर, 113 किलोमीटर, अडीच फुटी रूळ. इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन या कंपनीने वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला ही लाइन उभी केली. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन एप्रिल 1994 पर्यंत ती गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. गेल्या दशकात यवतमाळची गाडी बंदच झाली. गार्डचं काम म्हणजे नुसती हिरवी झेंडी नाही. फाटक आलं की गाडी थांबवायची, उतरून फाटक लावायचं, गाडी पुढे काढायची, फाटक उघडायचं, मग पुन्हा चढायचं. बाबांची चाल अजून तशीच आहे. चार पावलं टाकली की मागे वळून बघतात.

तर डिस्क लावली. ‘ब्रीफ एन्काउंटर’ची गोष्ट अगदी साधी आहे. संसारी बाई दर गुरुवारी खरेदीला शहरात येते. स्टेशनवर एका डॉक्टरशी ओळख होते, तोही संसारी. जीव जडतो आणि काही घडायच्या आत ते दोघं थांबतात. बाबांना त्या गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. पण पहिलीच एक्सप्रेस प्लॅटफॉर्मवरून धाडधाड गेली आणि ते आरामखुर्चीत ताठ झाले.

“थांब थांब. मांगं घे.”

मागे घेतलं. पुन्हा गाडी गेली.

“काहून गं, हा पिच्चर धुतला का काय कोनी? वाफ पाय कशी मोकयी दिसून रायली!”

मी सांगितलं, हे स्टेशन म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेचं कार्नफोर्थ. फेब्रुवारी 1945, महायुद्ध अजून संपलं नव्हतं. रात्री एवढे दिवे लावायचे तर लंडनपासून लांब जाणं बरं, म्हणून तिकडे शूटिंग केलं. बाबांनी हे ऐकलं की नाही, कोण जाणे. पडद्यावर गाडी निघून गेली होती आणि नायिका डोळा चोळत चहाच्या दुकानात शिरली होती.

“हिले काय झालं?”

“डोळ्यात कण गेला, बाबा. कोळशाचा. तो डॉक्टर आता काढून देतो, तिथूनच ओळख होते.”

बाबा हसले. “कोयसा! शकुंतलेत तं रोजचंच होतं. तुह्या आईनं तं किती लोकाइचे डोये पदराच्या टोकानं साफ केले.” मग थोड्या वेळानं, टीव्हीकडेच बघत, “आपल्या गाडीचा असा पिच्चर कुठं भेटन का गं?”

मी म्हटलं, बघते. आणि मग बघितलं नाही. डेडलाइन, अप्रेजल, ऑनसाइट... तुम्हाला सगळं पाठ आहे.

गंमत अशी, की आमच्या गाडीचा एक ‘पिच्चर’ घरातच होता. 1993 साली काकाच्या लग्नाचं वऱ्हाड शकुंतलेने दारव्ह्याला गेलं होतं, आणि काकाच्या मित्राने ते व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलं होतं. वाफेचं इंजिन, खिडक्यांतून डोकावणारी वऱ्हाडी मंडळी आणि त्यात आई. आई 2001 मध्ये गेली. तिचे फोटो आहेत बरेच, पण तिचा आवाज फक्त त्या कॅसेटवर. कॅसेट कुठे? गाद्यांच्या कपाटावर, रद्दीखाली. यवतमाळचा उन्हाळा आणि पावसाळा, दोन्ही खात पडलेली.

म्हणजे बघा, मी टेक्निकलरच्या तीन निगेटिव्हवर व्याख्यान देऊ शकत होते, आणि कपाटावर हात घालायला मला आठ वर्षं लागली.

तेही माझ्या अक्कलहुशारीने नाही. जुलै 2016 मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगातली ती शेवटची कंपनी होती. ही बातमी मला उशिरानं, 2017 मध्ये कळली आणि पोटात गोळा आला. पुढच्याच सुट्टीत कॅसेट खाली काढली. खिडकीतून बघितलं तर रिळावर पांढरी जाळी. तीच, ‘रेड शूज’वाली. बुरशी.

घाई नडते म्हणतात ना, तशी नडली. एका दुकानात ‘आत्ता करून देतो’ म्हणाले आणि कॅसेट तशीच मशीनमध्ये सरकवली. कर्र असा आवाज आला. दीड-दोन मिनिटांची फीत चुरगळून बाहेर आली. त्या दीड मिनिटात काय होतं, हे आता कधीच कळणार नाही. मी तिथेच रडले. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, एवढंच.

त्या रात्री मला पुण्याची आग आठवली. जानेवारी 2003 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओत, जुन्या नायट्रेट फिल्मची कोठी जळाली आणि प्रभातच्या काळातल्या कितीतरी प्रिंट गेल्या. इंग्रज तरी काय फार शहाणे होते! फाळके 1912 मध्ये लंडनला गेले, तेव्हा सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत शूटिंग कसं चालतं ते पाहून आले. त्या हेपवर्थचं 1924 मध्ये दिवाळं निघालं आणि त्याच्या निगेटिव्ह भंगारात गेल्या. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही आपल्याकडे पूर्ण उरलेला नाही. पी. के. नायर पुण्याच्या फिल्म अर्काइव्हसाठी अशी रिळं माग काढत गोळा करायचे, म्हणून जे आहे ते तरी आहे. आमच्या घरात नायर कुणी नव्हतं.

शेवटी पुण्यातच एक गृहस्थ भेटले. घरात जुने चार व्हीसीआर, एकाचे भाग काढून दुसऱ्याला लावलेले. त्यांनी कॅसेट आधी कोरडी केली, मग उघडली, फीत हाताने पुसली, दुसऱ्या कवचात बसवली. तीन आठवडे लागले. दोन तासांच्या कॅसेटमधून 11 मिनिटं हाती आली. बाकी सगळी मुंग्यांची रांग.

त्यांनी विचारलं, बँडचा आणि इंजिनचा गोंगाट सॉफ्टवेअरने कमी करून देऊ का? मी बाबांना फोन लावला.

“कायले? इंजिन राहू दे.”

राहू दिलं.

त्या 11 मिनिटांत आई दोनदा बोलते. एकदा, “डबा कुठं ठेवला?” एकदा कुणाच्या तरी पोराला, “खिडकीतून डोकं आत घे रे.” तिसऱ्यांदा तिचे ओठ हलतात, पण तेवढ्यात शिटी होते आणि काही ऐकू येत नाही. बाबांनी ती जागा इतक्या वेळा मागे घेऊन पाहिलीय, की पेन ड्राइव्ह न बघताही मिनिट-सेकंद सांगतात. त्यांच्या मते ती तिथे “तिकीट कोणाजवळ हाये?” म्हणते. मला ते “चला” वाटतं. यावर आमचं दर सुट्टीत भांडण होतं.

रिकामं कवच मी फेकणार होते, बाबांनी फेकू दिलं नाही. ते आता माझ्या शेल्फवर लीनच्या डिस्कशेजारी उभं आहे. कडेला बाबांनी बॉलपेनने लिहिलंय: ‘शकुंतला, यवतमाळ ते दारव्हा, 1993, ओरिजिनल’.