पांढरा डाग दिसला, औषध बंद करायचं का?

त्वचेवर पांढरा डाग दिसला की आपल्याकडे पहिला शब्द येतो 'कोड' आणि पाठोपाठ काळजी लग्नाची. खरं तर कोड संसर्गजन्य नाही. शिवाय प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो. काही वेळा औषधानेही त्वचेचा रंग जातो. मग औषध बंद करायचं का? ते औषध कोणतं, यावर ठरतं.

पावसाळ्यात लोकलची गर्दी, घाम, अंगावरच वाळलेले कपडे. गजकर्णाला हे पुरेसं असतं. मग मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' येते. अशा अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी पसरत राहते आणि महिनोन् महिने लावल्यास त्वचा पातळ होऊन रंग उडतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती सहज मिळतात. ही ट्यूब सोडायलाच हवी. चेहऱ्यावर बरेच दिवस लावली असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारून सोडा. एकदम थांबवल्यास लाली आणि जळजळ उसळू शकते.

मनगट किंवा कोपराच्या दुखण्यावर दिलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनच्या जागीही काही आठवड्यांनी डाग पडू शकतो. बहुतेकांचा रंग हळूहळू परततो. घाबरू नका, पण दाखवून घ्या.

इमॅटिनिबचं अगदी उलट आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर ही गोळी दिली जाते. कर्करोग वाढवणाऱ्या प्रथिनाबरोबर ती 'किट' नावाचं प्रथिनही अडवते. आपल्या रंगपेशींना तेच लागतं. त्यामुळे काही रुग्णांची त्वचा फिकट होते. कुणी म्हणतं, "गोरी झालीस!" तर कुणी कोड म्हणून कुजबुजतं. त्या कुजबुजीपायी ही गोळी मनाने कधीही बंद करू नका. फिकट त्वचेला ऊन लवकर बाधतं, एवढं सांभाळा. पण गोळी थांबली तर आजार उलटू शकतो.

माझं स्पष्ट मत आहे, की हे सगळं डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवं. आधी कळलेला दुष्परिणाम माणूस सोसतो. अचानक दिसलेल्या डागाने तो औषध सोडतो. डॉक्टर विसरले, तर तुम्ही विचारा: "याने त्वचेचा रंग बदलेल का? बदलला तर मी काय करू?"